वर वायरमन जात न्हाई

मला आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा "घरी जा" म्हणणारा माणूस माझा बाप नाही, नवराही नाही. तो साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मोटरी तपासायचा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी म्हणाला. मी पदवी, नवा ड्रेस आणि सांगलीहून निघताना आईने डोक्यावर चापून घातलेलं खोबरेल घेऊन टेस्टरूमच्या दारात उभी. दार वीतभर उघडलं, एक नाक बाहेर आलं, त्याने एकदा हुंगलं आणि आतून आवाज आला, "त्याल लावलंय. घरी जा."

"अहो, आज माझा पहिला दिवस आहे!"

"मग पहिला दिवस उद्या कर. शिकेकाईनं डोसकं धू. दोनदा."

आणि दार बंद. मी सांगलीची, तोंडाने कुणाला हार जाणारी नाही. पण बंद दाराशी काय कपाळ भांडणार? खोलीवर गेले, डोकं धुतलं, धुताना त्या माणसाचा मनसोक्त उद्धार केला आणि दुसऱ्या दिवशी झाडूसारखे कोरडे केस घेऊन परत दारात उभी राहिले. नाक बाहेर आलं. "हां. ये आत."

नाव सांगत नाही. सांगितलं आणि कुणी त्यांना हे वाचून दाखवलं, तर आकडे चुकलेत म्हणून मला फोन येईल. सगळे त्यांना तात्या म्हणायचे, तेवढं पुरे.

त्या शेडमध्ये उपग्रहावर बसणाऱ्या मोटरी तयार होतात. मोटर म्हटली की लोकांना एक तर चारचाकी आठवते, नाही तर विहिरीवरची. आमची मुठीत मावते. उपग्रहाच्या पोटात बसून ती एखादा आरसा फिरवते, एखादं झाकण उघडते. काम एवढंसंच, पण ते वर जाऊन करायचं असतं, म्हणून वर पाठवण्याआधी तिचे इथेच हाल हाल करायचे. आधी हादरवणाऱ्या टेबलावर आवळून खिळखिळी होईस्तोवर हादरवायची. मग पोलादी टाकीत घालून टाकीतली हवा ओढून घ्यायची आणि टाकी भाजायची, गोठवायची, भाजायची, गोठवायची. अशा आठ फेऱ्या. प्रत्येक फेरीत मोटर चालू करून बघायची: करंट किती घेते, जोर किती लावते, गारठ्यात पहिल्या झटक्याला उठते का. हवा काढलेल्या टाकीत खोबरेलाचा एक थेंब जरी असला, तरी त्याची वाफ होते आणि जिथे गार जागा मिळेल तिथे जाऊन चिकटते. तात्यांच्या नाकाचं कारण हे होतं, हे मला महिनाभराने कळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं. कारण सांगणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटायचा.

तात्या माण तालुक्यातले, दहिवडीच्याही पलीकडच्या गावचे. आयटीआय झाले आणि वडूजला मोटरींचं वाइंडिंग भरायचं दुकान टाकलं. कमी दाबाच्या विजेने जळालेल्या विहिरीवरच्या मोटरी लोक बैलगाडीतून, टेंपोतून आणून टाकायचे. आमच्या मालकांच्या सासुरवाडीची मोटर त्यांनी एकदा भरून दिली, ती पुन्हा जळलीच नाही. शेजारपाजारच्या दर उन्हाळ्यात जळायच्या, ही नाही. मालक इंजिनियर माणूस, त्यांना चैन पडेना. ते वडूजला जाऊन दुकानासमोर दोन तास बसले आणि उठताना तात्यांना नोकरी देऊन आले. "विहिरीत बुडालेली मोटर आन् आभाळात गेलेली मोटर सारखीच," तात्या म्हणायचे. "दोन्हीकडं हात पोचत न्हाई." आणि कुणी टेस्टमध्ये एवढीशी सवलत मागितली, की त्यावर त्यांचं एकच वाक्य होतं: "वर वायरमन जात न्हाई."

माणसांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी 'सांगली'. मोटर जोडणारा आमचा एक तंत्रज्ञ होता, तो 'वडूज'. मालकांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'सातारा'. "सातारा आज कुठल्या तंद्रीत हाय?" असं ते विचारायचे तेव्हा नव्या माणसाला वाटायचं, शहराच्या हवापाण्याची चौकशी चालली आहे.

या वडूजचं लग्न झालं. तिसऱ्या दिवशी बिचारा कामावर हजर, नखं पिवळीधमक. तात्यांनी त्याचा हात धरून उजेडात नेला. "घरी जा. हळद उतरंपातूर तोंड दावू नको." उतरायला चांगले बारा दिवस लागले. एवढी रजा त्याने मागितली असती तर मालकांनी दिली नसती. त्याच्या बायकोने तात्यांसाठी पुरणपोळ्या पाठवल्या. तात्यांनी त्या फाटकाबाहेर दगडावर बसून खाल्ल्या, तीनदा हात धुतले आणि मग आत आले.

मला शिकवायची त्यांची पद्धत तर विचारू नका. एकदा म्हणाले, "सांगली, हादरा म्हंजे काय?" मी पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "शनवारी गावाकडं चल. मागच्या शिटावर बसायचं." सातारा ते दहिवडी, एस.टी.ची सगळ्यांत मागची सीट, माझ्या मांडीवर एक बाद झालेली मोटर आणि शेजारी तात्या. "आवळून धरू नको. सैल बी सोडू नको. कुठल्या खड्ड्याला तिचं काय बोलतंय ते ऐक." पुसेगाव येईपर्यंत मला फक्त माझी हाडं बोलताना ऐकू येत होती. शेजारची बाई मला म्हणाली, "लेकरू हाय का काय फडक्यात?" पण दहिवडीच्या अलीकडे खरंच ऐकू यायला लागलं. मागच्या झाकणाचा एक स्क्रू बारीक टिकटिक करत होता, ठरावीक वेगाच्या हादऱ्याला, एरवी नाही. मी सांगितलं. तात्यांनी खिशातून पेचकस काढला, स्क्रू आवळला आणि म्हणाले, "कळलं नव्हं? मग झालं." पुढे घरी पोचेपर्यंत एक शब्द नाही. घरी त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आवं, पोरीला हादरवत आणलीसा व्हय? बस गं बाई, आदी भाकरी खा."

कॉम्प्युटर दर सेकंदाला आकडे नोंदवायचा, तरी तात्यांची जाड पुठ्ठ्याची वही वेगळी असायची. दर अर्ध्या तासाला स्वतःच्या डोळ्यांनी काटा बघून, शाईच्या पेनाने लिहायचं. खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मी एकदा म्हटलं, "तात्या, हे दोनदा कशाला?" तर म्हणाले, "कंप्युटरनं काय बगितलं ते त्येला इचार. तू काय बगितलंस ते हितं लिही." मी चिडून त्या दिवशी इतकं बारीक लिहिलं की त्यांना चष्मा लावूनही वाचता येऊ नये. त्यांनी भिंग आणलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते.

आमच्या शेडने नऊ वर्षं नमुन्याच्या मोटरी केल्या. जमिनीवर तपासायच्या, अहवाल द्यायचा, संपलं. वर गेलेली एकही नव्हती. मग एक मोटर मागितली गेली, खरीखुरी वर जाणारी. पिकं आणि पाणीसाठे बघणाऱ्या एका उपग्रहाच्या कॅमेऱ्यापुढचा आरसा ती फिरवणार होती. तात्यांची निवृत्ती जवळ आलेली. ते कधी काही मागणारे नव्हेत, पण त्या दिवशी चहाला म्हणाले, "एक गेली वर, की मी मोकळा." सगळ्या शेडने ते ऐकलं आणि जो तो गुपचूप मान खाली घालून कामाला लागला.

मोटर हादऱ्याच्या टेबलावरून धडधाकट उतरली. टाकीत घालायची, तेवढ्यात नवरात्र संपत आलं.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक हत्यार, प्रत्येक मशीन पुजलं जातं. टाकीला हळद लागू नये म्हणून तात्यांनी वर्षांपूर्वीच तोड काढली होती. एका पत्र्यावर ऑइलपेंटने टाकीचं चित्र काढून तो पत्रा बाहेर खिळ्याला टांगला होता. नवमीला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, जे काय असेल ते त्या पत्र्याला. "ह्योच देव. खऱ्याला हात लावायचा न्हाई." त्यांच्या घरचे घट उठायचे असल्यामुळे ते आदल्या दिवशी गावी गेले. जाताना मला म्हणाले, "पत्र्याची पूजा कर. दार बंद ठेव."

माझे बाबा माधवनगरच्या कापडगिरणीत फिटर होते. नवमीला ते आम्हाला घेऊन जायचे आणि आई मागावर, म्हणजे खऱ्या मागावर, हळदीचं बोट ओढायची. गिरणी बंद पडल्यावरही बाबा घरातल्या पान्याला हळद लावायचे. आणि आमची पहिली वर जाणारी मोटर ज्या टाकीत बसणार, तिची पूजा मी पत्र्यावर उरकायची? मला ते बघवेना. मी पत्र्याची पूजा केली, सगळे प्रसाद घेऊन पांगले, आणि मी ताटलीतलं एक बोट हळद आणि एक बोट कुंकू घेऊन आत गेले. अक्कल बघा माझी: जाताना पायात स्वच्छ मोजे चढवले, डोक्याला टोपी घातली. नियमाने आत गेले आणि नियम मोडला. तात्यांच्या नजरेला पडू नये म्हणून टाकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, अगदी खाली, एक ठिपका लावला. हात जोडले. म्हटलं, बाई, आमच्या मोटरीला सांभाळ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या यायच्या आत मी तो ठिपका स्पिरिटने पुसून काढला. कापड शेवटी पांढरं निघालं, तेव्हा मनातली रुखरुखही पुसली गेली.

टाकीत मोटरीशेजारी आम्ही एक काचेची लहानशी चकती ठेवतो. आत कशाचीही वाफ झाली तर तिच्यावर बसते. तिला सगळे 'साक्षीदार' म्हणतात. आठ फेऱ्या झाल्या. मोटर अशी चालली की मालक टेस्टरूमच्या काचेतून बघत उभ्या उभ्या टाळ्या वाजवायला लागले. गारठ्यात पहिल्या झटक्याला उठली, उकाड्यात अडखळली नाही. सकाळी टाकी उघडली. तात्यांनी साक्षीदार उचलला, दिव्यासमोर तिरका धरला आणि तसेच खाली बसले.

काचेवर पिवळट धूसर पडदा होता. फुंकर मारल्यावर येतो ना, तेवढा. पण पुसला जात नव्हता.

"ग्रीस," तात्या म्हणाले.

ते ग्रीस त्यांनी निवडलं होतं. सहा वर्षं वेगवेगळी ग्रीसं भाजून, गोठवून, शेवटी हे पक्कं केलं होतं. ग्रीसची वाफ होते म्हणजे मोटर मुळातच बाद, सगळी मोटरच नव्याने करायची. तो पूर्ण दिवस ते वह्या काढून बसले. सहा वर्षांच्या वह्या. कुठे चुकलो, कुठे चुकलो, एवढंच पुटपुटत होते. जेवणाचा डबा उघडला नाही. आणि मी? मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं तो पिवळा रंग कशाचा. मी दिवसभर त्यांच्या शेजारी बसून त्या वह्यांची पानं उलटत होते. आजही ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा डोळे सुजलेले. वही उघडायला लागले, तसा मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तात्या, ग्रीस नाही. हळद आहे. मी लावली."

"कुठं?"

मी दाखवलं. त्यांनी काडीला पांढरं कापड गुंडाळलं आणि झाकणाच्या रबरी कड्याची खाच असते, तिच्यातून हळूहळू फिरवलं. स्पिरिटने पुसताना पातळ होऊन हळद नेमकी त्या खाचेत उतरली होती. कापड पिवळं निघालं.

आणि तात्या हसले. मोठ्याने, खो खो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "ग्रीस न्हाई! आरं, ग्रीस न्हाई, वडूज! मोटर चांगली हाय!" वडूज धावत आला, त्याला काही कळेना. मग हसू थांबलं. माझ्याकडे न बघता त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिही. काय लावलं, कुठं लावलं, कवा लावलं. समदं."

मालकांना कळलं तेव्हा ते आधी माझ्यावर कडाडले, आणि ते रास्तच होतं. मग दार लावून घेऊन म्हणाले, "तात्या, मोटर पास झालीय. दुसरी काच ठेवली म्हणून कोण विचारणार आहे? पाच आठवड्यांत पोचवायचीय. उशीर झाला तर दुसऱ्या कंपनीची तयारच आहे, ती बसवतील. नऊ वर्षं थांबलोय आपण."

"काच मी बदलतो, साहेब. मोटरीच्या आत काय बसलंय ते कोण पुसणार? तिच्या म्होरं कॅमेरा हाय. वर गेल्यावर ती तापणार, आतलं भाईर येणार आन् त्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसणार. मग समद्या मुलखाचं पीक पिवळं दिसंल."

"एवढ्याशा हळदीने?"

"ह्या एवढ्याशा हळदीनंच काच गेली न्हवं?"

मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "पाच आठवड्यांत सगळं पुन्हा होतंय का?"

"होतंय. बरोबर पाच आठवडं लागत्यात. एक दीस जास्तीचा न्हाई."

अहवाल इंग्रजीत करायचं माझ्याच नशिबी आलं. उपग्रह बनवणाऱ्यांचा तपासनीस दक्षिणेकडचा, कडक इस्त्रीचा माणूस. त्याने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. मी मान खाली घालून उभी. तो हळूच म्हणाला, "आमच्याकडे आयुधपूजेला आम्ही मशीनपुढे कोहळा फोडतो." मग चष्मा लावून म्हणाला, पुन्हा सगळी टेस्ट करा, पण तारीख हलणार नाही.

त्या पाच आठवड्यांत तात्या माझ्याशी आकड्यांखेरीज एक अक्षर बोलले नाहीत. "करंट?" "ताप?" "लिही." बस. मोटर सुटी केली, पार्ट न् पार्ट धुतला, पुन्हा ग्रीस भरलं. टाकी रिकामीच भाजली, साक्षीदार लख्ख निघेपर्यंत भाजली. पुन्हा हादऱ्याचं टेबल. पुन्हा टाकी. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. वडूजने घरी जाणं सोडलं, मालक स्वतः डबे आणायला लागले. मी मनात म्हणायची, देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, ही मोटर तेवढी वेळेत जाऊ दे.

सहाव्या फेरीत, मोटर गोठलेली असताना, वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण मधल्या त्या धक्क्यात पंप बंद पडला आणि टाकीत हवा शिरली. थंडगार मोटरीवर दव धरलं.

"पाच फेऱ्या तर झाल्यात," मालक म्हणाले. "त्या धरू. पुढच्या तीन करू. तात्या, वेळेत जाईल."

तात्यांनी वहीत त्या पाच फेऱ्यांवर एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली. "एकपासनं."

"तात्या, अहो, ही हुकली तर तुमच्या हातून परत एखादी वर जाणार नाही. दोन महिन्यांत तुम्ही घरी बसणार."

"ठावं हाय."

"मग?"

"वर वायरमन जात न्हाई, साहेब. सांगली, टाकी उघड."

आठच्या आठ फेऱ्या नव्याने झाल्या. काच आरशासारखी लख्ख निघाली. मोटर पास झाली, पण चार दिवस उशिरा. त्या चार दिवसांत दुसऱ्या कंपनीची मोटर उपग्रहावर चढली होती. आमची राखीव म्हणून मंजूर झाली. ती आमच्याच शेडमध्ये, बंद कपाटात ठेवायची होती.

पत्र मी वाचून दाखवलं. "तात्या, माझ्यामुळे हुकली."

मला वाटलं, ते म्हणतील, असू दे, होतं असं.

"व्हय, तुझ्यामुळंच," तात्या म्हणाले. "ते इसरू नको." मग कपाटाकडे बघत म्हणाले, "नुसती ठिवली तर ग्रीस एका जागी बसंल. म्हयन्याला एकदा फिरवावी लागंल."

दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. शाल दिली, ती त्यांनी घडी न मोडता बाहेर बाकावर ठेवली, कारण लोकरीचे तंतू उडतात. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दारात हजर. पहिल्या एस.टी.ने निघाले होते. डोकं शिकेकाईने धुतलेलं. मोटर काढली, तारा जोडल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली, वहीत आकडा लिहिला, परत ठेवली, चहा घेतला, गेले. मी म्हटलं, "तात्या, आम्ही फिरवू की. एवढ्या लांबून कशाला येता?" तर म्हणाले, "तुमी हळदीची बोटं लावा." तेव्हा मला हसू आलं. पाच आठवड्यांच्या मौनानंतरची ती पहिली थट्टा होती.

दोन वर्षं आले. पायाचं दुखणं झालं तेव्हा काठी घेऊन आले. पावसाने रस्ता वाहून गेला तेव्हा एक दिवस उशिरा आले, आणि वहीत उशिराचं कारण लिहिलं.

मग तशाच दुसऱ्या उपग्रहासाठी विचारणा झाली: ती राखीव मोटर आहे ना, चालू स्थितीत आहे का? मी दोन वर्षांची वही उघडून तपासनिसापुढे ठेवली. प्रत्येक महिना, प्रत्येक आकडा, कुठेही खाडाखोड नाही. त्याने शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि म्हणाला, हीच द्या. पाठवण्याआधीची टेस्ट मी घेतली. मोटर फिरवायला तात्या आत येत, पण या टेस्टला नोकरीबाहेरच्या कुणालाही आत परवानगी नव्हती. ते काचेपलीकडे स्टुलावर बसून राहिले आणि मी प्रत्येक आकडा कागदावर मोठ्ठा लिहून काचेला लावत होते. ते मान हलवायचे. शेवटच्या कागदावर सहीसाठी पेन टेकवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. ते बघून त्यांनी बाहेरून काचेवर टकटक केलं आणि बोटाने खूण केली: कर, कर.

रॉकेट उडालं त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मोठ्या पडद्यावर बघितलं, पेढे वाटले. तात्यांना फोन केला तर म्हणाले, "बगितलं न्हाई. मेंढरं पाण्यावर न्यायची व्हती. वर जाणं म्हंजे परवास झाला. कामाचं काय ते सांग." कामाचं कळायला आणखी काही दिवस गेले. मग एका सकाळी मालकांना एका ओळीचा मेल आला. मालकांनी तो वाचला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी बाहेर येऊन नंबर लावला. पलीकडे वारा आणि मेंढरं.

"तात्या, आरसा फिरला. सांगितला तेवढाच फिरला. पहिल्या झटक्याला."

"कवा?"

"आज सकाळी, नऊ वाजून दहा मिनिटांनी."

"करंट?"

मेलातला आकडा मी सांगितला. "बरोबर हाय," ते म्हणाले. मग त्यांनी मेंढरांना दिलेली हाळी ऐकू आली.

"तात्या?"

"हाय, हाय." "आत्ता कुठं आसंल ती?"

"फिरतेय. दीड तासात एक चक्कर मारते."

"ते न्हाई गं. आत्ता, ह्या घडीला, उन्हात हाय का सावलीत?"

वर ऊन लागलं की भाजतं आणि पृथ्वीच्या सावलीत गेलं की गोठतं. आम्ही तिला टाकीत जे आठदा केलं, ते तिथे रोज पंधरा वेळा होतं आणि संपत नाही. मी काहीही सांगून वेळ मारून नेली असती, तरी त्यांना कळलं नसतं. पण मी म्हटलं, "थांबा, बघून सांगते." उपग्रह कुठे आहे ते दाखवणारी साइट उघडली, आमचा शोधला.

"आत्ताच सावलीत शिरलीय, तात्या."

"किती येळ?"

"पस्तीस मिनिटं."

"हं." मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "भाईर आली की सांग."

त्यांनी फोन ठेवला. मी फाटकाजवळच्या दगडावर बसले आणि हमसून हमसून रडले. मग डोळे पुसून घड्याळ लावलं. कुणीतरी आत बोलावलं, मी गेले नाही. बरोबर पस्तीस मिनिटांनी नंबर लावला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत उचलला.

"आली का?"

"आली, तात्या. उन्हात आली."